बंद टाकीतली टकटक

माझं काम आईला समजावून सांगायला मला बरेच दिवस लागले. अलिबागच्या अलीकडे आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, आई तिथंच असते. "मुलगी रॉकेटं बनवते का हो?" असं शेजारणी विचारायच्या आणि तिला धड उत्तर देता यायचं नाही. मग एका रविवारी मी तिला बसवून सांगितलं. रॉकेट दुसरे लोक बनवतात. पण उडायच्या आधी ते जमिनीवर उभं असतं. त्याला धरून ठेवायला मनोरा लागतो, ऐन वेळी बाजूला सरकणारे लोखंडी हात लागतात, त्याच्या पोटात इंधन आणि ऑक्सिजन भरायला नळ, झडपा, टाक्या लागतात. त्यातल्या ऑक्सिजनच्या टाक्या आम्ही बनवतो.

"पाण्याच्या टाकीसारखी?"

"तशीच. फक्त आत द्रव ऑक्सिजन. बर्फापेक्षा कितीतरी थंड."

आईनं सुपारी सोलता सोलता विचारलं, "मग ती घासतात कशी?"

नेमकं तेच माझं काम होतं.

आमचा कारखाना उरणच्या बाजूला, खाडीच्या काठावर आहे. पूर्वी तिथं मिठागरं होती. आता पुढच्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात आणि मागच्या बाजूला खाडीच्या चिखलात तिवरांची झाडी आहे. शेडमध्ये ही टाकी आडवी ठेवलेली असायची, दोन एसटी बस एकापुढे एक उभ्या कराव्यात एवढी लांब, स्टेनलेस स्टीलची. बाहेरचं दुसरं कवच नंतर चढायचं. त्याआधी आतून ती अशी साफ करावी लागे की एखाद्या बोटाचा तेलकटपणासुद्धा मागे राहता कामा नये. द्रव ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की नुसत्या धक्क्यानं भडका उडू शकतो. म्हणून सफाईवाले आत जाऊन रसायनात बुडवलेल्या कपड्यानं प्रत्येक इंच पुसायचे आणि त्यांच्यानंतर मी यूव्ही दिवा घेऊन आत शिरायचे. त्या दिव्याच्या जांभळ्या उजेडात स्टील काळं दिसतं आणि माणसाचं जे काही मागे राहिलेलं असेल ते चमकतं. कपड्याचा धागा, घामाचा थेंब, बोटाचा ठसा. कुठं काही चमकलं नाही, की टाकी पास.

आत जाणं मला कधीच सवयीचं झालं नाही. माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढंच दार. आत गेल्यावर उभं राहता येतं, पण आवाजाचं काही खरं नसतं. मी इथं श्वास घ्यावा आणि तो दुसऱ्या टोकाला कोणीतरी सोडावा, असं ऐकू येतं. पांढऱ्या सूटची बाही घासली की ती आपल्या पाठीमागे घासते. वळून बघितलं तर काळं गोल स्टील आणि त्यात आपलाच वाकडा, लांबोडका पांढरा आकार.

म्हणून दारापाशी एक माणूस कायम बसलेला असतो. त्याचं काम एवढंच, आत कोण गेलं, कोण आलं ते बघायचं आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं. आमच्याकडे हे काम एक काका करायचे, जवळच्याच गावातले, साठीला टेकलेले. शेड उभी होती तिथं कधी काळी त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, पण ते त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. मला ते बाय म्हणायचे. "बाय, आवाज देत र्‍हा," असं दर थोड्या वेळानं बाहेरून यायचं आणि मी "आहे काका" म्हणायचे. माझा तो "आहे" टाकीभर फिरून परत माझ्याकडेच यायचा.

सफाईवाल्यांत एक जण होता, तिशीतला, खाडीपलीकडचा, रेवसच्या बाजूचा. ठेकेदाराकडचा माणूस. सगळ्यांत नीट काम त्याचं, म्हणून शेवटचा हात नेहमी त्याचा. माझी तपासणी झाली की माझ्या पावलांची जागा पुसायला तो एकदा आत जायचा आणि मागे मागे सरकत, स्वतःची जागाही पुसत बाहेर यायचा. मग दारावर जाड झाकण बसायचं, बोल्ट आवळायचे आणि आत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे दमट हवा आत राहत नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस शिरला तर त्याला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. दोन-चार श्वासांत खाली कोसळतो, बस्स.

दिवाळी होऊन गेली होती, हवा कोरडी पडली होती. त्या संध्याकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मी टाकी पास केली, तो शेवटचा हात फिरवायला आत गेला आणि मी कागद पुरे करायला टेबलाशी आले. झाकण बसल्याचा आवाज मी ऐकला. नायट्रोजन सुरू झाला. पाळी सुटली, लोक गेटकडे निघाले. शेडमध्ये मी आणि काका राहिलो. पश्चिमेच्या दारातून तिरपं ऊन येत होतं आणि टाकीचं एक टोक तांबडं झालं होतं.

पहिल्यांदा ऐकलं ते काकांनी. त्यांनी डबा बांधता बांधता मान वर केली.

"बाय, आयकलं?"

मी नाही म्हणाले. आणि तेवढ्यात ऐकलं.

टक. मग जरा थांबून, टकटक.

स्टील आवाज करतं. दिवसा तापतं, संध्याकाळी निवतं, कुरकुरतं, कधी बंदुकीसारखं कडाडतं. हे सगळे आवाज मला माहीत होते. हा आवाज त्यातला नव्हता. कोणी बोटाचं पेर वाकवून दारावर वाजवावं तसा तो होता. थोड्या वेळानं पुन्हा तसाच. टक. टकटक.

मी टाकीपाशी गेले. का केलं ते माहीत नाही, पण हातातल्या टॉर्चचं मागचं टोक मी स्टीलवर दोनदा आपटलं. आत तो आवाज दूरवर जाऊन विरल्याचं ऐकू आलं. मग शांतता. काका माझ्याकडे बघत होते. आणि मग आतून, मी जिथं ठोकलं होतं अगदी त्याच्या समोरून, उत्तर आलं.

मी हात मागे घेतला. 

"काका, तो बाहेर आला होता ना? शेवटचा?"

"आला. मी बघितलाय." मग ते थांबले. "बघितलाय म्हणजे... पांढरा सूट बाहेर आला. मग झाकणवालं आलं. मी जरा पान थुंकायला भाईर गेलो. परत आलो तवा झाकण बसत व्हतं."

"परत आत गेला असेल?"

 काकांचा चेहरा एवढ्या वेळात राखेसारखा झाला होता.

मी गेटवर फोन लावला. तिथं बोटाचं मशीन आहे, येताना जाताना बोट ठेवायचं. सुरक्षावाल्यानं स्क्रीन बघून सांगितलं की सुटलेल्या पाळीतले सगळे बाहेर गेलेत, फक्त एक जण अजून आत दाखवतंय. नाव त्याचंच. त्याचा फोन लावला, तर संपर्कक्षेत्राबाहेर. मी नायट्रोजनची झडप बंद केली आणि कारखान्याच्या साहेबांना बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते धावतच आले, कान टाकीला लावून उभे राहिले. त्यांच्या देखत पुन्हा वाजलं. त्यांनी कान काढला आणि अगदी हळू आवाजात, मला धीर द्यावा तसं म्हणाले, "मॅडम, विचार करा. केव्हापासून आत नायट्रोजन आहे. आत माणूस असेल, तर तो ठोकू शकत नाही. आणि ठोकतोय, तर तो माणूस नाही. लोखंड आहे."

हे बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला त्या शेडमध्ये थांबवेना.

टाकी उघडली तर आठवड्यांची सफाई पाण्यात जाणार होती. बाहेरची हवा, धूळ, खाडीचा खारा दमटपणा, सगळं आत जाणार. टाकी बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजावर, चढवायची तारीख ठरलेली होती, उधाणाच्या भरतीला, आणि ती हुकली की पुढच्या उधाणापर्यंत बार्ज धक्क्याला लागणार नव्हतं. साहेबांनी हे सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं.

"उघडायची," मी म्हणाले.

"लोखंडासाठी?"

"तो आत असेल तर आपण त्याला घरच्यांच्या हवाली करू. नसेल तर मला शिव्या घाला. पण ती अशीच बंद ठेवून मी घरी जाणार नाही."

 मग साहेबांनीच अग्निशमनवाल्यांना फोन केला.

आतला नायट्रोजन बाहेर काढून कोरडी हवा भरायला वेळ लागतो. पंख्याची मोठी नळी लावली, ती घोंघावत राहिली. बाहेर ऊन गेलं होतं, पलीकडे बंदराचे दिवे लागले होते. काका टाकीला पाठ लावून जमिनीवर बसले होते आणि पंख्याच्या आवाजावरून ओरडून त्याच्याशी बोलत होते, रोज बोलायचे तसं. "अरे, आवाज देत र्‍हा रे. आलो आमी. उगडतोय." मधूनच आतून टकटक व्हायची. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "हाय, हाय. आयकतोय."

पहिला बोल्ट सैल झाला आणि आवाज थांबला. त्यानंतर तो आला नाही.

झाकण बाजूला सरकवलं. श्वासाचं उपकरण लावलेला माणूस दोरीला बांधून आत गेला. त्याच्या टॉर्चचा उजेड आत हलताना दिसत होता. तो टोकापर्यंत गेला, परत आला, डोकं बाहेर काढून त्यानं मुखवटा वर केला.

"कोणी नाही."

मीटरनं हवा ठीक दाखवली, तेव्हा मी माझा यूव्ही दिवा घेऊन दारातून अर्धी आत वाकले. कोणी म्हणेल आता कशाला. पण मला बघायचंच होतं. दिवा लावला. त्या आत गेलेल्या माणसाच्या बुटांचे चमकते ठसे मधोमध टोकापर्यंत गेलेले आणि परत आलेले. त्याखेरीज काही नाही. भिंतीवर कुठं बोट नाही, तळवा नाही, एक धागा नाही. ती जागा इतकी रिकामी होती की मी दिवा विझवला आणि घाईनं मागे सरकले.

काका रडत होते. आनंदानं की कशानं, मी विचारलं नाही.

दरम्यान सुरक्षावाल्यानं रेवसकडच्या एका दुकानदाराचा नंबर मिळवला होता, आणि त्या दुकानदारानं कोणाला तरी त्या सफाईवाल्याच्या घरी पिटाळलं होतं. थोड्या वेळानं माझ्या फोनवर सफाईवाल्याचाच आवाज आला. तोंडात घास होता.

"हां मॅडम, बोला. काय झालं?"

"तू कुठं आहेस?"

"घरी. जेवतोय."

मी खाली बसले. साहेब हसायला लागले, आणि मग हसता हसता थांबले, कारण बाकी कोणी हसत नव्हतं.

सकाळी तो करंजाच्या धक्क्यावर होडीतून उतरून सरळ माझ्याकडे आला. गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथं आम्ही बसलो, काकाही होते. मी त्याला विचारलं, जाताना बोट ठेवलं नव्हतंस का. त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे उताणे धरले.

"मशीन घेत नाय मॅडम. सकाळी कसंबसं घेतं, संध्याकाळी नाय. वॉचमन ओळखतो, तो जा म्हणतो."

मी त्याची बोटं बघितली. रसायनानं, वर्षानुवर्षांच्या पुसण्यानं ती गुळगुळीत झाली होती. रेषा म्हणून नव्हत्याच, चकचकीत कातडी होती नुसती. हातमोजे फाटतात, रसायन आत जातं, हे मला कागदावर माहीत होतं. बोटं मी कधी बघितली नव्हती. काल पाळी सुटल्यावर लगेच गेटवरचा वॉचमनही बदलला होता. आधीच्यानं याला हातानंच जा म्हटलं, आणि माझा फोन आला तेव्हा नव्यानं नुसतं मशीन बघितलं, तर त्यात हा अजून आतच.

मग आम्ही त्याला टाकीचं सांगितलं. तो ऐकत होता. मी म्हणाले, आतून कोणी ठोकत होतं.

"कसं?"

मी सांगायला गेले, पण काकांनी माझा हात धरला. "थांब बाय. तूच सांग रे. तू भाईर येतानी काय करतोस?"

"मी? काय नाय. काम झालं की आतनं वाजवतो, म्हणजे काकांना कळतं मी निघालो." आणि त्यानं टपरीच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं.

टक. टकटक.

टपरीवाल्यानं वळून बघितलं.  हे त्याचं वाजवणं मी त्याआधी ऐकलं होतं की नव्हतं, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. मी टेबलाशी असायचे, शेडमध्ये आवाज असतात. ऐकलं असेल, आणि म्हणून त्या संध्याकाळी लोखंडाच्या कुरकुरीतही मला तेच ऐकू आलं असेल. पण साहेबांनी त्याचं वाजवणं कधीच ऐकलं नव्हतं, आणि टाकीतून काय ऐकलंत असं पुढे मी विचारलं तेव्हा त्यांनीही तसंच वाजवून दाखवलं.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, माझ्यासाठी उघडली टाकी?"

"हो."

"मग आत कोण होतं?"

डिझाइनवाल्यांनी नंतर कारण शोधलं. नायट्रोजन बाटल्यांतून थंड येतो, तळ आधी आकसतो, वरचा भाग उन्हानं तापलेला, आतल्या आधाराच्या पट्ट्या ताणल्या जातात आणि वाजतात. मला ते पटलं. आम्ही पुन्हा तशीच वेळ साधून, तसंच ऊन असताना नायट्रोजन सोडून बघितला, चार जण कान लावून उभे राहिलो. टाकी मुकी राहिली. डिझाइनवाले म्हणाले, प्रत्येक वेळी होईलच असं नाही. तेही मला पटलं.

उधाणाची तारीख हुकली. मला वरून बोलणी खावी लागली, साहेबांनी त्यातली बरीचशी स्वतःच्या अंगावर घेतली. टाकी पुन्हा पहिल्यापासून साफ करायची होती, आणि आत जायला कोणी तयार होईना. कोणाला ताप आला, कोणाच्या गावाला पूजा निघाली. शेवटी तोच म्हणाला, "मी जातो. माझंच नाव घेतात सगळे, मीच जातो." साहेबांनी त्याला दुहेरी, चांगल्या प्रतीचे हातमोजे मागवून दिले. मी त्याच्याबरोबर आत गेले.

तो टोकापासून पुसत येत होता. मी दिवा धरला होता. अर्ध्यावर आल्यावर तो थांबला.

"मॅडम, जरा बसा. ऐकू या."

आम्ही दोघं त्या गोल तळावर बसलो. मी दिवा विझवला. दाराचं भोक दूर, पांढऱ्या रुपयाएवढं. बाहेर काकाही गप्प होते, त्यांना कळलं असावं. माझा श्वास समोरून येत होता, त्याचा मागून. मग कोणता कोणाचा ते कळेना. दोघांपेक्षा जास्त आहेत का, हे मी मोजायचं टाळलं. मला वाटतं तोही टाळत होता.

खूप वेळानं तो बोलला, माझ्याशी नाही, समोरच्या काळोखाशी, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

"चला, आज काम संपेल. मग बंद करणार. कोण असेल तर आमच्या मागनं बाहेर या. नंतर उघडायला जमणार नाय."

ते शब्द टाकीत फिरले, परतले, मग थांबले. त्यानं कपडा उचलला आणि पुसायला लागला. बाहेर येताना त्या दिवशी त्यानं आतून वाजवलं नाही. "निघालो काका," असं नुसतं ओरडून सांगितलं. दारातून आधी मी आले, मग तो आला, आणि मी बघितलं की काका त्याच्या मागेही दाराकडे जरा वेळ बघत थांबले, कोणाला तरी वाट द्यावी तसे थोडे बाजूला होऊन. मग त्यांनी झाकणवाल्यांना मान हलवली.

पुढच्या उधाणाला टाकी गेली. भरती चढेपर्यंत बार्ज चिखलात तिरकं पडून होतं, मग हळूहळू सरळ झालं आणि पांढऱ्या ताडपत्रीत गुंडाळलेली टाकी करंजाच्या खाडीतून समुद्राकडे निघाली. मासे सुकत घातलेल्या बायका हात कपाळाशी धरून बघत होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मला देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रक्षेपण केंद्रात बोलावलं, टाकीत पहिल्यांदा द्रव ऑक्सिजन भरणार होते म्हणून. तिथला उड्डाणाचा तळ मी आदल्या दिवशी फिरून बघितला. लोक होते, जीप होत्या, कोणीतरी मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून डबा खात होतं. भरायच्या वेळी मात्र सगळ्यांना काढलं. आम्ही खूप दूरच्या एका बंद खोलीत, पडद्यांसमोर. पडद्यावर तोच मनोरा, त्याचे लोखंडी हात आणि आमची टाकी, आणि माणूस एकही नाही. भोंग्यातून सूचना होत होत्या, ऐकायला कोणी नसलेल्या जागेत. कोणी हात न लावता झडपा उघडत होत्या. टाकीच्या नळ्यांवर पांढरं हिम धरलं, मग तिथून गार वाफेचा धूर जमिनीवर उतरून रांगायला लागला. रिकाम्या पायऱ्यांवरून तो पायरी पायरीनं खाली येत होता.

माझ्याशेजारी तिथले पाळीप्रमुख बसले होते, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. मी त्यांना हळूच विचारलं, "तिथं आता नक्की कोणी नाही ना?"

"कोणी नाही," ते हिंदीत म्हणाले. "आम्ही सगळे मोजून काढतो. मग फिरून बघतो. मग पुन्हा एकदा बघतो."

"मोजणी जुळली असली तरी?"

"मोजणी जुळली असली तरी."

"का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी विनोद करतेय की काय हे पाहावं तसं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

"बघतो," एवढंच म्हणाले.